मस्करीत गेलेला निरोप

९ फेब्रुवारी, लेवुका, फिजी

पोस्टातल्या कामावरून घरी येऊन चपला काढते न काढते तोच बिसुन दत्तांचा फोन. ते आमच्या पूल संघाचे, म्हणजे क्यूने टेबलावर बॉल मारायच्या खेळाच्या संघाचे, अध्यक्ष. सुवामध्ये त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला खिळे देता देता ते मला देशाचं भवितव्य सांगत असतात.

"उनाइसी, बातमी कळली का? ऑलिम्पिक!"

"का, काय झालं ऑलिम्पिकला?"

"अगं, पूल घेणार आहेत म्हणे! जागतिक संघटनेचं पत्र आलंय. तू सचिव ना? वाच की!"

वाचलं. घेणार आहेत असं त्यात कुठेही नाही. घ्यावं म्हणून संघटना पुन्हा प्रयत्न करणार आहे आणि त्यासाठी हा खेळ किती शिस्तीत चालतो ते तिला जगाला दाखवायचंय, एवढंच आहे. जूनमध्ये ब्रिस्बेनला आमच्या पॅसिफिक बेटांची निवड स्पर्धा. पुढे कधी ऑलिम्पिकचं दार उघडलंच, तर या स्पर्धेतून वर गेलेल्यांनाच आत घेणार. फिजीला पुरुषांची एक जागा. खेळाडूबरोबर संघाचा एक पदाधिकारी, म्हणजे मी.

जागा एक आणि नावही एकच. सेमेसा. माझा सख्खा मोठा भाऊ. चव्वेचाळिसाव्या वर्षीही या बेटांवर त्याच्यासमोर क्यू धरायला लोक कचरतात.

इथे कोण वाचायला येणार आहे, म्हणून लिहून टाकते. मला ऑलिम्पिकचं फारसं पडलेलं नाही. मला पडलंय विमानाचं. आमच्या घरात वयात आलेल्या बहीणभावांनी एकमेकांशी बोलायचं नसतं, समोरासमोर बसायचं नसतं. यात भांडण नाही, मान आहे. सुवातली पोरं आता हे सोडून मोकळी झाली, पण आमचे वडील कडक. मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी त्यांनी सांगितलं, आजपासून नाही. तेव्हापासून सेमेसाशी एक शब्द बोललेली नाही. आता मी बेचाळीस वर्षांची आहे. आम्हाला विमानात शेजारशेजारच्या जागा दिल्या तर काय करायचं, या विचारात मघाशी चुलीवर कसावाचे कंद करपले.

१३ फेब्रुवारी

शुक्रवार. क्लबात सामने. मी नेहमीप्रमाणे निकाल लिहायला बसले, सेमेसाच्या टेबलाकडे पाठ करून. त्याचा खेळ मी कानांनी बघते. इतरांचे बॉल पॉकेटमध्ये आदळतात, त्याचे पडतात. आज तो पहिला डाव हरला आणि मग कुणाला उभं राहू दिलं नाही.

आमचे वडील या क्लबाचे रखवालदार होते. सकाळी झाडलोट होईपर्यंत ते आम्हा दोघांना एक टेबल वापरू द्यायचे. मी चांगली खेळायचे. त्याच्यापेक्षा बरी, असं मला वाटतं. त्याचं मत विचारायची सोय कधी झाली नाही.

घरी आले तर केलेरा, त्याची बायको, पायरीवर बसलेली. हातात झाकलेलं भांडं. नारळाच्या दुधात शिजवलेलं माशाचं डोकं. "आमच्याकडे कुणी डोकं खात नाही," म्हणाली. मला डोकंच आवडतं हे हिला कसं कळतं कोण जाणे. मनाची मोठी बाई आहे.

२ मार्च

नवीन भानगड. कुठलीशी परदेशी कंपनी नांदीला, विमानतळाजवळच्या हॉटेलात, आपली खासगी स्पर्धा भरवतेय. मोठी बक्षिसं, टीव्ही, रंगीत दिवे. जागतिक संघटनेचा फतवा लगोलग: आमच्या परवानगीशिवाय तिथे जो खेळेल तो दोन वर्षं अपात्र. निवड स्पर्धा नाही, काही नाही. सचिवाने प्रत्येक खेळाडूला कळवावं.

मी सगळ्यांना फोन लावले. इलाइतिया टूना मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात आहे, तरणा पोरगा, खेळतो चांगलं, तोंडही चांगलं चालतं. म्हणाला, "ताई, ही संघटना वर्षातून एकदा आम्हाला खेळायला बोलावणार, आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याकडे खेळू देणार नाही. लग्न करायचं नाही आणि दुसरीकडे बघायचंही नाही?" मला हसू आलं. बिसुन दत्तांना विचारलं तर म्हणाले, "घराला एकच दार पाहिजे, उनाइसी. दोन दारं झाली की ऑलिम्पिकवाले म्हणणार, आधी घर कुणाचं ते ठरवा." तेही खरंच वाटतं. बोलणाऱ्याचं मला नेहमी खरं वाटतं, म्हणून तर मला सचिव केलं असावं.

राहिला सेमेसा. त्याचा निरोप केलेराकडून. केलेरा माझी दाउवे, भावाची बायको, आणि दाउवेशी आमच्यात थट्टाच करायची असते. सरळ बोललं तर ती कपाळाला हात लावून बघते, ताप आलाय का.

"ए म्हशी," मी त्यांच्या कुंपणावरून हाक मारली, "नवऱ्याला सांग, नांदीला खेळायला गेला तर ते गोरे त्याचे हात तोडून डब्यात भरतील!"

"टूनाच्या डब्यात? खपायचे नाहीत गं. जून मांस."

"मग ते डबे तुला फुकट पाठवतील."

"मग जाऊ दे की त्याला! मी आजच सामान बांधते."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. जाता जाता मी म्हटलं, "सांगशील ना?" "सांगते गं बाई, हातांसकट सांगते."

झालं. सगळ्यांना कळवलं, असं मी संघटनेला लिहून टाकलं.

२३ मार्च

व्हायचं ते झालं.

हॉटेलवाल्यांनी आईच्या गावचा एक माणूस कामाला ठेवलाय. त्याने गावात सांगितलं, आपल्या भाच्याने एक डाव खेळून दाखवला तर गावाचं नाव टीव्हीवर येईल. गेल्या आठवड्यात गावचे वडीलधारे बोटीने आले. सेमेसाच्या घरी मांडी घालून बसले आणि यंगोनाच्या मुळांची जुडी त्याच्यासमोर ठेवली; मोठं मागणं आमच्यात असंच मांडतात. जुडी समोर आल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि आईच्या गावाला तर नाहीच. ती मुळं कुटून, पाण्यात कालवून, सगळ्यांनी मिळून प्यायली, की विषय संपला. सेमेसा त्यांच्याबरोबरच नांदीला गेला.

एकच डाव. समोर फिलिपिन्सचा विजेता, जगात नाव असलेला. सेमेसाने त्याला टेबलाकडे येऊच दिलं नाही. आता सगळी फिजी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवतेय. पोस्टात तिकीट घ्यायला आलेल्या म्हातारीनेसुद्धा मला दाखवला. "तुझा भाऊ ना गं हा?" मी मान हलवली.

घरी येऊन दार लावलं आणि पुन्हा बघितला. मग पुन्हा. फोनवर बघायला मनाई आहे असं वडिलांनी कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा फोन कुठे होते? तीस वर्षांत त्याचा चेहरा इतका वेळ पाहिला नव्हता. नेम धरताना तो खालचा ओठ चावतो. वडील फॉर्म भरताना तसाच चावायचे. कानांजवळ केस पांढरे झालेत. जिंकल्यावर हसला नाही, इकडेतिकडे बघत राहिला, कुणाला तरी शोधल्यासारखा. बिचारा, एवढ्या दिव्यांत बावरला असेल.

आता याला अपात्र करतील, हे मला सबंध संध्याकाळ सुचलंच नाही. मी नुसती बघत होते.

३० मार्च

पत्र आलंच. सतरा एप्रिलला सुनावणी, संगणकावरून. बिसुन दत्तांनी मला फोड करून सांगितलं.

"बघ, प्रश्न एकच. त्याला कळवलं होतं का? कळवलं असेल तर त्याने जाणूनबुजून केलं, तो दोन वर्षं घरी. कळवलं नसेल तर चूक सचिवाची. तो ब्रिस्बेनला जाईल आणि तू पदावरून जाशील. कायमची."

"आणि दोघंही राहिलो तर?"

"तसं कलम नाही."

केलेराला गाठलं. या वेळी मी थट्टा केली नाही, त्यामुळे ती आधीच घाबरली.

"तू त्याला सांगितलं होतंस?"

"सांगितलं ना. जेवत होता. तू सांगितलंस तसंच. हात, डबा, जून मांस, सगळं."

"मग?"

"हसला."

"अगं, पण हे खरं आहे, असं नाही सांगितलंस?"

केलेराने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू मला खरं आहे, असं सांगितलं होतंस का?"

सांगितलं नव्हतं. दाउवेला खरं सांगायची जीभच नाही मला. एवढी मोठी गोष्ट मी थट्टेत गुंडाळून दिली आणि तिने तशीच नेऊन पोचवली. दोघींनी आपापली रीत पाळली आणि मधल्या मधे त्याचं नशीब गेलं.

६ एप्रिल

केलेरा पुन्हा माशाचं डोकं घेऊन आली. "जास्त झालं," म्हणाली. एका माशाला डोकं जास्त कसं होईल, विचारणार होते. पण तिचे डोळे सुजलेले दिसले, म्हणून गप्प खाल्लं.

१० एप्रिल

ठरलं. मी सांगणार की मी त्याला कळवलं नाही. हे खोटं नाहीच. मी त्याला कधी काही कळवलेलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा नाही, माझा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हाही नाही. इतकी खरी साक्ष आजवर कुणी दिली नसेल. संघटनेला 'सगळ्यांना कळवलं' असं लिहिलं होतं, ते घाईत लिहिलं म्हणेन.

पद जाईल. जाऊ दे. मानधन नाही, चहा नाही, नुसत्या तक्रारी. तो ब्रिस्बेनला जाईल, दुसरं कुणी पदाधिकारी त्याच्या शेजारी बसेल. एवढंच मनाला लागतंय, आणि ते इतकं का लागावं हे मला कळत नाही. शेजारी बसून मी तरी काय करणार होते? खिडकीबाहेर बघत बसले असते.

१७ एप्रिल

घाईघाईने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

मी पोस्टाच्या मागच्या खोलीत, सेमेसा शाळेच्या संगणकापाशी. पडद्यावर तीन चौकटी. मधे ब्रिस्बेनच्या मिसेस हॅलोरन, सुनावणीच्या अध्यक्ष, मऊ आवाजाची बाई. डावीकडे मी. उजवीकडे तो, इस्त्रीचा शर्ट, नजर खाली. मीही नजर खाली केली. दोघं खाली बघतायत म्हटल्यावर मिसेस हॅलोरननी विचारलं, "तुम्हाला मी दिसतेय ना?"

मग मला प्रश्न.

"खेळाडूला नियमाची कल्पना तुम्ही दिली होती का?"

"नाही."

"तोंडी? फोनवर? लेखी?"

"नाही. मी त्याला कधीच काही कळवलं नाही."

"ते तुमचे भाऊ आहेत. एकाच गावात राहता."

"हो."

"तरी तुम्ही बोलला नाहीत?"

"आम्ही बोलत नाही."

बाईंनी आवाज आणखी मऊ केला. "काही भांडण आहे का?"

"नाही. मान आहे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे. मग म्हणाल्या, "खेळाडूला यावर काही सांगायचंय?" मला वाटलं, तो नाही म्हणेल आणि सुटलो. तो कधी चार शब्द बोलत नाही.

"मला कळवलं होतं," तो म्हणाला.

"कुणी?"

"माझ्या बहिणीने."

"पण त्या तर नाही म्हणतायत."

"ती खोटं बोलत नाही. आमच्यात बहिणीचा निरोप दुसऱ्याच्या तोंडून येतो. हा हसत हसत आला. पण मस्करीत आला म्हणून निरोपाची मस्करी होत नाही. बहिणीचा होता. मला समजला होता. नंतर आईच्या गावाने मागितलं, मी दिलं. शिक्षा माझी आहे. ही सचिव चांगली आहे, हिला हात लावू नका."

माझ्या समोर हे सगळं बोलला. माझ्याशी नाही, पण मी ऐकत असताना. वयात आल्यावर त्याचा आवाज फुटला तो मी थेट असा आज पहिल्यांदा ऐकला. मला तो संगणक उचलून पोटाशी धरावासा वाटला आणि त्याच वेळी फोडावासाही वाटला. केलेरा म्हणते तो हसला होता! त्याला काही समजलं नव्हतं! एक शब्द गिळला असता तर आज निवड स्पर्धा त्याची होती.

मूर्ख. गाढव. तीस वर्षांनी तोंड उघडलं ते स्वतःच्या पायावर धोंडा मारायला.

१८ एप्रिल

रात्री झोप लागली नाही तेव्हा एक विचार आला तो लिहिते. त्याला माझ्याबरोबर त्या विमानात बसायचंच नव्हतं की काय?

२८ एप्रिल

निकाल. सेमेसा दोन वर्षं अपात्र. सचिवाची चूक नाही. निरोपाच्या स्थानिक पद्धतीची समितीने नोंद घेतली आहे. त्याच्या जागी इलाइतिया. सोबत मी.

बिसुन दत्त खूश आहेत. "संघ वाचला, उनाइसी! घर स्वच्छ! आता कोटाचा रंग ठरवू." दोन वर्षांनी सेमेसा शेहेचाळीसचा होईल, आणि तोवर ही शिडी कुठल्या भिंतीला लावलेली असेल कोण जाणे. एखाद्या खेळाला ऑलिम्पिकचे डोहाळे लागले, की त्यात पहिला बळी त्या खेळातल्या सगळ्यात चांगल्या माणसाचा का जातो? विचारणार होते. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं.

पत्रात शेवटी लिहिलंय: सचिवाने हा निर्णय खेळाडूला समक्ष वाचून दाखवावा. समक्ष! मिसेस हॅलोरनना वाटलं असेल, बहीणभावाचा समेट होतोय तर होऊ दे.

३ मे

रविवारी चर्चमधून थेट त्यांच्या घरी गेले, टेकडीवर. सेमेसा आत, दाराच्या आडोशाला. मी ओसरीवर, खांबाला टेकून, तोंड समुद्राकडे. केलेरा दोघांच्या मधे उंबऱ्यावर. मी तिला वाचून दाखवायचं आणि तो ऐकणार, असं ठरलं होतं. पहिला परिच्छेद झाला. तिने एकदाही थट्टा केली नाही. दुसऱ्याच्या मधेच ती उठली.

"थांब हं, चहा उतू जाईल."

थांबले. चहा काही आला नाही. मग मागच्या वाटेने केलेरा उतरताना दिसली, डोक्यावर टोपी, हातात चर्चची पिशवी, मागे न बघता भराभरा. आता मधे कुणीच नव्हतं. मला उठून जायला हवं होतं. उठले नाही. पत्र अर्धं राहिलेलं, आणि ओसरीवर मी, आत तो, आणि पायरीवर त्यांचा तांबडा कुत्रा, रग्बी.

शेवटी मी कुत्र्याकडे बघून म्हटलं, "रग्बी, तुझ्या मालकाला सांग. दोन वर्षं."

आतून घसा खाकरल्याचा आवाज.

"रग्बी, तिला सांग. ऐकलं."

कुत्र्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"त्याला सांग," माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही, "त्याला काही समजलं नव्हतं हे मला माहीत आहे. मी सगळं नीट जुळवलं होतं. मधे पडायला कुणी सांगितलं होतं त्याला?"

"तिला सांग, ती सचिव राहिली नसती तर शुक्रवारी क्लबात कशाला आली असती?"

मी पत्राची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. मला वाटायचं, शुक्रवारची वाट मीच एकटी बघते.

मग आतून आलं, "रग्बी, तिला सांग, जूनमध्ये ब्रिस्बेनला थंडी असते. लोकरीचं काहीतरी न्यावं."

"त्याला सांग, माझ्याकडे नाही."

"केलेराचं आहे म्हणावं. आणि इलाइतियाला सामन्याआधी जेवू देऊ नको. जड होतो, मग डावीकडचे फटके चुकतात."

"त्याला सांग, ते माझ्याही लक्षात आलंय."

"मला वाटलंच."

मग इलाइतियाच्या डाव्या कोपराचं निघालं, मग क्लबाच्या तिसऱ्या टेबलाच्या उताराचं, मग आईच्या गुडघ्यांचं, मग माझ्या मुलीचं, सुवात ती नीट जेवते का याचं. आधी प्रत्येक वाक्याला आम्ही कुत्र्याचं नाव घेत होतो. पुढे पुढे राहून गेलं असावं. समुद्रावर ऊन उतरलं तरी केलेराचा पत्ता नव्हता.

रग्बी तर केव्हाच झोपला होता, चारी पाय पसरून घोरत होता. ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं, आणि दोघांपैकी कुणीच तसं बोललं नाही.